व्यावसायिक पत्ता

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजपासून रोजनिशी. निमित्त, अकाउंट्सच्या मॅडमनी पाठवलेली प्रवासखर्चाची नवी नियमावली. आम्हा फ्रीलान्स दुभाष्यांपैकी ती शेवटच्या पानापर्यंत वाचणारा मी एकटाच असणार. बाकीच्यांना नुसती भाषा येते.

मुख्य नियम जुनाच आहे: प्रवासखर्च दुभाष्याच्या 'व्यावसायिक पत्त्या'पासून धरला जाईल. माझा व्यावसायिक पत्ता म्हणजे ताईचं घर, इथून बसने सहा तास. संस्थेचं ऑफिस ताईच्या शहरात आहे, आणि संस्था आधी स्थानिक दुभाष्यांना बोलावते, कारण त्यांना भाडं द्यावं लागत नाही, असं माझ्या कानावर आलं होतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी फॉर्मवर ताईचा पत्ता घातला आणि स्थानिक झालो. तेव्हापासून दर कॉन्फरन्सला स्वतःच्या पैशाने बसने जाऊन स्थानिक होतो. याला गुंतवणूक म्हणतात.

ही म्हणाली, राहता इथे आणि लिहिता तिथलं, हे खोटं नाही का. मी समजावलं की माणूस झोपतो कुठे याला आमच्या क्षेत्रात महत्त्व नसतं. यावर ती म्हणाली, तुमचा पेपर इथे येतो, तुमचं दूध इथे येतं आणि तुमचे वडील इथे राहतात.

वडील हा मुद्दा नियमावलीत कुठेही नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मेल आला. लिफ्टच्या सुरक्षिततेवर तीन दिवसांची कॉन्फरन्स, सतरा ते एकोणीस. ठिकाण पाहून दोनदा वाचलं. आमचंच शहर. बाजारामागचं मोठं हॉटेल. घरापासून चालत पंधरा मिनिटं.

आधी वाटलं, चला, यावेळी घरचं जेवण. मग कॉन्ट्रॅक्ट नीट वाचलं. मी ताईच्या शहरातला असल्यामुळे तिथून येण्याजाण्याचं ट्रेनचं भाडं, हॉटेलात खोली, शिवाय रोजचा भत्ता. अटी दोनच. तिकीट स्वतःच्या नावाचं आणि खरोखर वापरलेलं हवं. मुक्काम हॉटेलातच हवा.

दोन वर्षं मी माझ्या खर्चाने तिकडे गेलो. आता ते त्यांच्या खर्चाने मला माझ्याच गावात आणणार. संयमाचं फळ.

हिला सांगितलं, कॉन्फरन्स आहे, ताईकडे जातोय. यात खोटं काही नाही, ताईकडे तर जाणारच आहे. भाषांतर करताना लांबलचक वाक्य आपण सोपं करतोच की.

९ नोव्हेंबर, रविवार

बाबांना बारीक ताप. जेवले नाहीत. ऐंशी ओलांडल्यावर भूक कमी होते.

ही म्हणाली, या खेपेला नाही गेलात तर चालणार नाही का, माझ्या शाळेत परीक्षा आहेत, मला रजा मिळायची नाही. मी म्हणालो, सही झाली आहे. ती म्हणाली, बरं.

संकल्प: परत आल्याबरोबर बाबांना मोठ्या डॉक्टरांकडे मी स्वतः नेणार. 'परत आल्याबरोबर' लिहिताना पेन जरा अडखळलं, कारण तसं पाहिलं तर मी कुठे जातच नाहीये.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बसने ताईकडे. पाठ आखडली. ताईने दार उघडल्याउघडल्या विचारलं, बाबांना बरं नाही असं वहिनी म्हणत होती, आणि तू इकडे कसा? म्हणालो, उद्या परत जायचंय. मग का आलास? म्हणालो, परत जाण्यासाठी.

ताईने भावोजींकडे पाहिलं. भावोजींनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांचं माझ्यावर प्रेम आहे, फक्त माझ्या नावाची पत्रं त्यांच्या पेटीत येतात याचं त्यांना वाईट वाटतं. आज विचारत होते, हे किती दिवस चालायचं. मी म्हणालो, नियम बदलेपर्यंत.

ताईने सकाळसाठी डबा बांधला आणि बाबांसाठी एक मऊ शाल दिली. आता ही शाल हॉटेलात ठेवावी लागणार. घरी कशी पाठवू?

१६ नोव्हेंबर, रविवार

ट्रेनने आलो. तिकीट तपासनीसाने तिकिटावर खूण करावी म्हणून मी दोनदा त्याच्या मागे गेलो. शेवटी त्याने केली.

स्टेशनवर मान खाली घालून उतरलो. रिक्षावाल्याने घराजवळच्या चौकातूनच नेलं, त्याला काय माहीत. मी सीटवर आडवा झालो. त्याने विचारलं, बरं नाही का. म्हणालो, प्रवासाने थकलोय. हे शंभर टक्के खरं होतं.

खोली सहाव्या मजल्यावर. प्रशस्त. चार उशा. खिडकीतून शहर दिसतं. पाण्याच्या टाक्या मोजता मोजता एक ओळखीची वाटली. आमचीच. गच्चीवर चादरी वाळत होत्या, तीन. आमच्या घरात स्वच्छतेला फार महत्त्व आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बूथमध्ये जोडीदार नेहमीच्याच बाई. काचेच्या खोक्यात दोघं शेजारी बसतो, अर्ध्या अर्ध्या तासाने माइक बदलतो. त्याही माझ्यासारख्याच ताईच्या शहरातल्या स्थानिक असणार. हॉटेलात राहायची त्यांना सवय दिसत नाही, असं मला वाटलं. साबण घरून आणला होता.

दुपारी घसा बसला. हॉटेलातल्या दुकानात गोळ्यांचे भाव भलतेच. संध्याकाळी टोपी घालून बाहेर पडलो. सगळ्यात जवळचं दुकान म्हणजे आमचाच मेडिकलवाला, त्याला माझा इलाज नाही. टोपी काढायच्या आत त्याने ओळखलं. म्हणाला, बाबांचा ताप उतरला का, वहिनी सकाळी अँटिबायोटिक घेऊन गेल्या. म्हणालो, उतरतोय. तो म्हणाला, मोठ्यांचे डायपर संपले होते ते आलेत, वहिनींना सांगा.

सांगतो म्हणालो. कसं सांगायचं, हा प्रश्न उरला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी गच्चीवर चार चादरी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत पाहिलं तर आणखी दोन. आता एवढ्या चादरी आमच्याकडे आहेत का, हे आठवत बसलो आणि दुसऱ्या सत्राला दोन मिनिटं उशीर झाला. बाईंनी सांभाळून घेतलं.

रात्री हिचा फोन. कुठे आहात? म्हणालो, ताईकडे. जेवलात? हो. काय केलं होतं ताईंनी? म्हणालो, नेहमीचंच. बाबा कसे आहेत विचारलं. म्हणाली, आहेत. तिच्या मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. झोपा आता, म्हणाली.

आज बरीच शांत वाटली. राग गेला असावा.

संकल्प: भत्त्यातून हिला काहीतरी घ्यायचं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हे हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय.

सकाळी माइक माझ्याकडे होता. एक पाहुणे इंजिनिअर सांगत होते की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली तर आतल्या माणसाने आधी काय करावं. मी छान बोलत होतो. बूथमध्ये आम्ही वक्त्याचंच वाक्य बोलतो, 'मी' म्हणतो, 'माझा अनुभव असा आहे' म्हणतो. समोर ठेवलेल्या फोनवर हिचा मेसेज उजळला.

"बाबा बाथरूममध्ये पडले. बाजारामागच्या हॉस्पिटलात नेतेय. तुम्ही धावपळ करू नका, परतीचं तिकीट चुकेल."

परतीचं तिकीट. हे हिला कसं कळलं, याचा विचार करू लागलो. तेवढ्यात बाईंनी माझ्या कोपराला हात लावला. हॉलमधले लोक मागे वळून काचेकडे बघत होते. मी किती वेळ गप्प होतो कोण जाणे. बाईंनी माइक स्वतःकडे घेतला आणि इंजिनिअरचं वाक्य पुरं केलं.

लगेच उठायला हरकत नव्हती. बाईंनी हाताने जा म्हणून खूणही केली. पण सत्र चालू असताना बूथ सोडू नये असा नियम आहे. म्हणून चहाच्या सुट्टीपर्यंत बसून राहिलो. कानाला हेडफोन होता. एक शब्द ऐकला नाही.

हॉस्पिटल हॉटेलच्या पाठीलाच आहे. ही बाकावर बसली होती, बाबांचा चष्मा हातात धरून. एक काच फुटलेली. बाबांच्या कपाळाला टाके, मनगटाला प्लास्टर. आत झोपवलं होतं.

काउंटरवरच्या बाईने फॉर्म पुढे केला, म्हणाली मुलाने भरायचा. नाव, वय लिहिलं. पत्त्याच्या जागी हात आपोआप ताईचा पत्ता लिहू लागला. हिने माझ्या हातातून पेन काढून घेतलं, ते खोडलं आणि खाली आमचा पत्ता लिहिला.

मग बाकावर बसल्यावर म्हणाली,

"मेडिकलवाल्याने सोमवारीच सांगितलं. साहेब येऊन गोळ्या घेऊन गेले म्हणाला. मला वाटलं, दुसरी कोणी बाई आहे."

मी म्हणालो, छे, तसलं काही नाही. खिशातून ट्रेनचं तिकीट काढून दाखवलं. तिने ते दोन्ही बाजूंनी वाचलं. तपासनीसाची खूणही पाहिली.

"बाई असती तर भांडले तरी असते," ती म्हणाली.

नियम समजावून सांगायला सुरुवात केली. व्यावसायिक पत्ता म्हणजे काय, मुक्कामाची अट काय. ती ऐकत होती. मग म्हणाली, "हॉटेलचं आणि तिकिटाचं ताईंनी सांगितलं, मजला खालच्या काउंटरवर कळला. काल फोन केला तेव्हा मी हॉटेलच्या समोर उभी होते. तुमच्या खिडकीत दिवा होता."

"मग वर का नाही आलीस?"

"बाबा घरी एकटे होते."



२० नोव्हेंबर, गुरुवार

दुपारची परतीची ट्रेन माझ्याशिवाय गेली. बाबांजवळ मी. ही शाळेत, कशीबशी दोन तास उशिराची परवानगी काढून. बाबा झोपेत कण्हतात. ताईची शाल अंगावर घातली.

संकल्प: क्लेम गेला तरी चालेल. माणसं आधी.

न वापरलेलं तिकीट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलंय. अपवादाला कलम असणार.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

कलम नाही.

क्लेमसोबत सविस्तर पत्र जोडलं होतं: अपरिहार्य कौटुंबिक कारणास्तव परतीचा प्रवास करता आला नाही. आज अकाउंट्सच्या मॅडमचा फोन आला. आवाज मऊ. आधी बाबांची चौकशी केली. मग विचारलं, वडील तिकडे कोणाकडे असतात?

म्हणालो, माझ्याकडे.

त्या म्हणाल्या, म्हणजे तुम्ही तिकडेच राहता? म्हणालो, व्यावसायिक अर्थाने नाही. त्या म्हणाल्या, अहो, मग तोच पत्ता द्यायचा होता. मी त्यांना स्थानिक दुभाष्यांबद्दलचं ऐकलेलं सांगितलं. त्या म्हणाल्या, ते इतर भाषांना. तुमच्या भाषेचं आमच्या शहरात कोणीच नाही. तुमच्या जोडीदार बाई इतकी वर्षं बाहेरगावाहून येतात, त्यांचं भाडं पहिल्या दिवसापासून देतोय. तुम्ही एकटेच स्थानिक म्हणून आम्हाला केवढं कौतुक होतं.

मी मनात दोन वर्षांचं बसभाडं मोजू लागलो. त्या म्हणाल्या, पत्ता दुरुस्त करून पाठवा, पुढच्या वेळेपासून भाडं मिळेल. मात्र हा पत्ता खरा धरला तर ही कॉन्फरन्स तुमच्या गावातलीच होते, त्यामुळे भाडं, खोली, भत्ता काही बसत नाही. खोलीचं बिल मानधनातून कापावं लागेल. मला वाईट वाटतं, म्हणाल्या. खरंच वाटत होतं.

हिला सगळं सांगितलं, खोली कशी होती तेही. मला वाटलं, हसेल. तिने विचारलं, चार उशांची होती ना खोली?

४ डिसेंबर, गुरुवार

पत्ता बदलला. ऑनलाइन फॉर्म, पाच मिनिटांचं काम. आता मी अधिकृतपणे इथला रहिवासी.

ताईला कळवलं. ती म्हणाली, बरं झालं. मागून भावोजीही म्हणाले, बरं झालं.

दुपारी बाबांना कॉटवर बसवलं, पाठीशी उशी दिली. नवा चष्मा आला आहे. डॉक्टर म्हणतात, डोकं लख्ख आहे, मोडलं ते फक्त मनगट. मला आनंद झाला. मी शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, बाबा, यापुढे मी इथेच आहे.

बाबांनी चष्म्यातून माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, "असं का? किती दिवस मुक्काम?"

मी म्हणालो, मुक्काम कसला, मी इथेच राहतो. ते "बरं बरं" म्हणाले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हिला हाक मारली. म्हणाले, "सूनबाई, पाहुणे आलेत. चहा टाक."

मी हसलो. कोणीतरी हसायला हवं होतं.

थोड्या वेळाने ही चहा घेऊन आली. ट्रेमध्ये, बशीसकट.