शाई जुनी नव्हती

अप्पा, आज माळा आवरला. तुम्ही गेल्यापासून त्या शिडीवर मी पाय ठेवला नव्हता; प्रेसचं सगळं काम आता खालच्या खोलीत कॉम्प्युटरवर भागतं, आणि खरं सांगायचं तर मला उंदरांची भीती. पण सकाळी आपले पुजारीकाका आले, काठी टेकत, दारातूनच ओरडत. "तुझ्या बापानं छापलेला भवानीचा फोटो माझ्या देव्हाऱ्यात हाय, त्यो पार उडालाय बघ. तसाच्या तसा करून दे. पण शाई ताजी वापर बाई, बापासारखी जुनी नको!" आणि हसले. मीही हसले. हा विनोद ते इतकी वर्षं करतायत, आणि इतकी वर्षं मी हसतेय.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. मी सोलापूरहून कॉम्प्युटरचा कोर्स करून नुकतीच आलेय, नाकावर माशी बसू देत नाही. काकांच्या कॅलेंडरसाठी देवीचा फोटो मी केलाय. पडद्यावर मळवट असा पेटलाय की काकांनी खुर्चीतूनच हात जोडले. तुम्ही आईच्या देव्हाऱ्यातली कुंकवाची डबी घेऊन आलात. तुमची रीतच ती. नमुन्याच्या कागदाच्या कडेला चिमूटभर कुंकू ठेवायचं, कागद गल्लीत उन्हात न्यायचा, डोळे बारीक करून दोन्ही लाल शेजारी शेजारी बघायचे. जमलं की कानडीत "साकु" म्हणायचं, म्हणजे पुरे, आणि मग कुणाच्या बापाचं ऐकायचं नाही. त्या दिवशी तुम्ही एवढंच विचारलंत, "कुंकू लावून बघितलं का, बाई?" आणि मी काकांच्या देखत म्हणाले, "अप्पा, कुंकवाचा जमाना गेला. आता सगळं आकड्यावर असतं." तुम्ही डबीचं झाकण लावलंत आणि मशीनकडं गेलात.

पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो आणि कागदावरचा शाईचा, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा कळलेली नव्हती. उजेडात उजेड मिसळत गेलं की पांढरं होतं, शाईवर शाई चढवत गेलं की काळं. मी फाईल पडद्याच्याच रंगात ठेवून छपाईच्या प्लेटा करायला पाठवली. ती तिथं आपोआप शाईच्या रंगात बदलली आणि लालात नको तेवढा निळा नि काळा घुसला. तुम्ही पिवळा, लाल, निळा, काळा असे चार हात छापलेत, आणि वरचा कागद उचलून काका म्हणाले, "हे कुंकू न्हाय, ही तर वीट हाय!" तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाही. "चूक माझी. शाई जुनी होती," म्हणालात.

मग प्लेटा नव्यानं करवल्यात. लालातला निळा, काळा काढलात, तरी पडद्यासारखा पेटेना. तेव्हा तुम्ही देवीमागची प्रभावळ मंद केलीत, दागिन्यांचा पिवळा उतरवलात, आणि मळवट एकदम जिवंत झाला. "त्याला अजून वर न्हेता येत न्हाय. बाकीच्यांना जरा खाली आण," म्हणालात. मला वाटलं, म्हाताऱ्याचा जुगाड! पुढं कितीतरी वर्षांनी सॉफ्टवेअरमध्ये एक पर्याय सापडला. कागदाला न झेपणारा रंग आला की हा पर्याय त्या एकट्यालाच तोडत नाही, सगळं चित्र हळूहळू खाली आणतो, म्हणजे रंगांचं आपसातलं नातं टिकतं. मोठमोठ्या डोक्यांनी गणितं करून काढलेलं ते. वाचून मी खुर्चीत गारच पडले, अप्पा. तुम्ही सातवी शिकलेले!

तर आज काकांच्या फोटोची जुनी प्रत शोधायला माळ्यावर चढले. तुळजापुरात लग्नपत्रिका रद्दीत जाते, पुढाऱ्याचं तोंड तर लगेच जातं, पण देवीचा मुखडा छापलेला कागद जात नाही. बिघडला तरी नाही. तुम्ही प्रत्येक बिघाड लाल फडक्यात बांधून वर टाकायचात, "सवडीनं पाण्यात सोडू" म्हणायचात. एकही सोडलेला नाही! आज गठ्ठे उघडले तर प्रत्येकात वरच्या कागदाच्या पाठीवर तुमचं पेन्सिलीतलं अक्षर. 'पिवळा चढला.' 'उन्हात लाल, ट्यूबखाली तपकिरी.' 'काळा काढला, बरं. अजून न्हाय.' उभं आयुष्य एक लाल शोधत होतात तुम्ही, आणि मला वाटायचं तुम्हाला तो जन्मतःच येतो. धुळीत फतकल मारून मी ते एकेक वाचत बसले, देवळात बसावं तशी. उंदीर आठवलेही नाहीत.

माझाही गठ्ठा होता. वाटलं, इथं तरी खरं लिहिलं असेल. लिहिलं होतं: 'शाई नवी. पोरीचं पहिलं काम. लाल गेला. पण चोळीचा हिरवा मला असा कधी जमला न्हाय.' मी कागद उलटून बघितला. त्या विटकरी मळवटाखाली हिरवा खरंच सुंदर आलाय, अप्पा. मी तर तो कधी बघितलाच नव्हता.

दुपारी काकांच्या देवीचा फोटो केला. प्रभावळ तुमच्यासारखी उतरवली, आणि आईच्याच डबीतलं कुंकू घेऊन गल्लीत उन्हात उभी राहिले, सगळ्यांच्या देखत. संध्याकाळी फोटो नेऊन दिला. काकांनी तो कपाळाला लावला, डोळे पुसले आणि म्हणाले, "अशी शाई तुझ्या बापाला मिळाली असती तर!" तुमचं अक्षर असलेला कागद माझ्या पिशवीत होता. तो काढायचा आणि चूक माझी होती म्हणायचं, एवढंच काम. मी म्हणाले, "व्हय काका, जुनीच होती ती."

हे त्याच बिघडलेल्या गठ्ठ्यातल्या एका कागदाच्या पाठीवर लिहितेय, म्हणजे हेही रद्दीत जाणार नाही, वर तुमच्याशेजारीच राहील. तुमचा शब्द मोडवला नाही, असं लिहिणार होते. पण तसं नाही, अप्पा. मला खरं सांगायची लाज वाटली.