कोनाडीशेजारचं वळण

ता. १४ मार्च १९५४, कोपर
शाळेतून थेट गावकीच्या बैठकीला. गेल्या श्रावणात फुटलेला खाडीबांध माती टाकून बुजवलाय, तो काही टिकायचा नाही. मी म्हटलं, खालची शेतं खाडीलाच देऊ. तिथं तिवरं माजू द्यायची, जळणासाठी तोडायची नाहीत. लाटेचा जोर तीच खातात. भरतीबरोबर कोळंबी येईल, तिचा लिलाव गावकीचा. मागे नवा आखूड बांध, त्याच्या आत भात. मग म्होरके तात्या म्हणाले, "मास्तर, तूच आख." फुगून घरी आलो.

ता. २१ मार्च
दोरी धरून आखत होतो. चिंचेपाशी वळण द्यावंच लागतं. उजवीकडे वळलं तर आमचं कोनाडी नावाचं शेत बांधाबाहेर, डावीकडे वळलं तर चंपाकाकीचं शेत. दोन्ही आत घ्यायला घट्ट जमीनच नाही, पुढे नुसता चिखल. काकी म्हणजे चुलतचुलत्यांची विधवा, तिला तेवढं एकच शेत. आम्हाला वर आणखी दोन आहेत. पण कोनाडी...
सौ.ला सांगितलं नाही.

ता. २३ मार्च
सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हा कोनाडी खारी, पडीक. हिनं वर्षानुवर्षं डोक्यावरून शेणखत वाहून ती गोडी केली. "ही जमीन खारी व्हती तवा तुमी कुठं व्हते? शालंत." म्हटलं, कोळंबीच्या पैशात आपल्याला पहिला वाटा. "कोलंबी भातावर खातात. भाताबिगर नाय."
कागदावर जमीन माझ्या नावाची. ते मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

ता. २ एप्रिल
घरात अबोला. तांब्या आपटला की समजायचं, पाणी ठेवलंय.
तात्या वाटेत भेटले. "वलव ना डावीकडं. म्हातारी काय बोलनार हाय?" तीच तर अडचण. संध्याकाळी चंपाकाकी सुकट घेऊन आली, पोरांची चौकशी केली, शेताचं नाव नाही काढलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. इकडे आड, तिकडे खाडी.

ता. ५ एप्रिल
उजवीकडे. कोनाडी बाहेर ठेवून खुंट्या मारल्या. आता आखणी बदलली तर गाव म्हणेल मास्तर घरात हरला, नाही बदलली तर मी घरात... जाऊ दे.

ता. १९ मे
बांध उभा राहिला. दर घरामागे एक माणूस द्यायचं होतं. मी शाळेच्या परीक्षांत, म्हणून आमच्या घरची ही गेली. काकी सांगते, दिवसभर मातीच्या पाट्या वाहिल्या, पण कोनाडीकडे पाठ करूनच.

ता. १७ जून
पाऊस चांगला. आमच्या माळ्यावरचं राता भाताचं बी, थोडं खारं पाणी सोसतं ते, गोणीतून गायब. ही मोड आणून कोनाडीत पेरून आली. मी ओरडलो. अमावास्येला उघाडीच्या, म्हणजे जुन्या बांधातल्या दाराच्या, फळ्या काढायच्या, खाडी आत घ्यायची, हे सगळ्या गावाला ठाऊक! "येल तवा येल पानी. तवर माजी हाय."
राता सोसतं, पण बुडून नाही. तिला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं.

ता. ३० जून, अमावास्या
भरती दुपारी. उघाडीपाशी गाव जमलंय. ज्यानं आखलं त्यानं पहिली फळी काढायची, असं तात्यांनी ठरवलं. खाडीला वाहायचा नारळ त्यांनी माझ्या घरी पाठवून दिला. कपडे घालून बसलोय. पुढे ढकलता येत नाही. बुजवलेला बांध पाझरतोय, तो आपणहून फुटला तर नवीनही घेऊन जाईल.
पडवीतून कोनाडी दिसते. हिरवी झालीय. ही सकाळपासून मधोमध उभी आहे. हाक मारली, वळली नाही. शेवटी चंपाकाकीला म्हटलं, तूच आण समजावून.
काकी गेली. लुगडं खोचलं आणि हिच्या शेजारी उभी राहिली.
उघाडीवरून मला हाका मारतायत. नारळ मांडीवर आहे.