सैल झाकणाची बरणी

मी, शाळेच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षे सहायक राहिलेला, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तरी नाडी मी स्वतः पुन्हा मोजली. कुणाच्या शब्दावर विसंबायचे नाही, ही विज्ञानाची रीत आणि माझी खोड.

१. राहते घर, मागची खोली सोडून, मुलीला. जावयाने कुलूप बदलण्याची घाई करू नये.

२. सूक्ष्मदर्शक, दुर्बीण व दगडांची पेटीही मुलीलाच. ती शिक्षिका आहे. पहिला जीवशास्त्रासाठी, सजीवांची शरीरे कशी चालतात ते पाहायला. दगड भूशास्त्राचे, त्यातला काळा अस्सल आहे का, याची मला अजून शंका आहे. दुर्बीण खगोलशास्त्राची. तिच्यातून मी शेजाऱ्यांकडे पाहत असे, हा आरोप साफ खोटा. राहिली दोन शास्त्रे. भौतिकशास्त्र वजन, वेग, उष्णता मोजते. रसायनशास्त्र एका पदार्थाचा दुसरा कसा होतो ते शोधते. या दोन्हींत मी तोंडघशी पडलो.

३. मागची खोली, तराजू आणि माझी निळी वही धाकट्या भावाला. कारण लिहिणे भाग आहे. तो माझ्याच हाताखाली शिपाई होता. धुण्याच्या सोड्याच्या खड्यांची बरणी दर आठवड्याला हलकी भरू लागली. हाच घरी नेतो, असा मी तर्क केला. तो म्हणाला, "दादा, झाकण सैल आहे. आधी ते बघ ना."

"झाकण सोडा खातं का रे?" असे म्हणून मी तक्रार केली. त्याची नोकरी गेली आणि आमचे येणे-जाणे तुटले.

महिन्याभराने, चोरी पक्की सिद्ध करायला, मी दोन बरण्या कपाटात ठेवल्या. सोडा तोच, वजन तेच. फरक फक्त झाकणाचा, एक घट्ट, एक सैल. किल्ली माझ्या कमरेला. आठ दिवसांनी घट्ट बरणी जशीच्या तशी. सैल बरणी हलकी, आणि खड्यांवर पांढरी भुकटी. खड्यांतले पाणी हवेत उडाले होते. माझ्या तर्काने पाहिले तर चोर मीच.

तीनदा करून पाहिले, तीनदा तेच. सगळे निळ्या वहीत आहे. आपला तर्क खोटा ठरवू शकेल अशी परीक्षा आधी घ्यायची आणि निकाल चारचौघांपुढे ठेवायचा, एवढेच तर विज्ञान. मी परीक्षा नंतर घेतली आणि वही लपवली. साऱ्या जगावर संशय घेतला, फक्त स्वतःवर नाही. एकोणीस वर्षे मला याची लाज वाटते आहे.

४. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकिलांनी बजावले आहे. म्हणून साक्षीदार परके निवडले.

लिहून देणार: सही
साक्षीदार १: शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले, सही
साक्षीदार २: ~~वकिलांचे कारकून~~ धाकटा भाऊ, सही
ठिकाण: घराची पुढची खोली. दिनांक: चौदा, सकाळी अकरा.

खाडाखोडीचा खुलासा: धाकट्याला फक्त वाचायला बोलावले होते. त्याने वही पानापानाने तपासली, मग कारकुनाच्या हातातून पेन घेतले. वकील ओरडले, "अहो, सही केलीत तर तुम्हाला काहीच मिळणार नाही!"

तो म्हणाला, "नको मिळू दे. पुढे काही कमी भरलं, तर दादाला परत शंका यायला नको."