भाऊबिजेचा राघू

मु. कोपर, माघ वद्य पंचमी, शके १८०९

राजश्री पंढरीभाऊ यांस काळुरामाचा रामराम. तुमची प्रकृती, मातोश्रींचा दमा आणि व्यायला आलेली म्हैस यांची खुशाली कळवावी. आमची विचारू नये. तुम्ही दिलेल्या पोपटाने या घरात खुशाली म्हणून शिल्लक ठेवलेली नाही. (अक्षर वेडेवाकडे आहे. उजव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली आहे. का, ते पुढे येईल.)

भाऊबिजेला लोक बहिणीला लुगडे नेसवतात, निदान खण तरी देतात. तुम्ही तुळसेला पोपट दिलात. दिलात तो दिलात, वर "गरीब आहे, पेरू खाऊन कोपऱ्यात बसतो" असे शपथेवर सांगितलेत. तो कोपऱ्यात बसत नाही. तो तुमच्या बहिणीच्या खांद्यावर बसतो आणि तिथून माझ्या माणसांचा समाचार घेतो. पहिली पाळी माझ्या आईची. भात गिचका झाला म्हणून ती चुलीपाशी तुळसेला बोलत होती (माझी आई बोलते तेव्हा मिठागरातले बगळे उडतात), तोच या चांडाळाने तिचा कान बुगडीसकट धरला. तो सुटेपर्यंत आईने जे शब्द काढले ते पत्रात लिहिता येत नाहीत. पण त्यांतले निम्मे तुमच्या नावाचे होते.

मग माझे चुलते, धाकूकाका. तंबाखूची चंची सापडेना म्हणून तुळसेच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत ते माजघरात शिरले, आणि नाक धरून बाहेर आले. (चंची त्यांच्याच कमरेला होती.) दुसऱ्या दिवशी मिठागराच्या फुटक्या बांधासाठी गावाची बैठक होती. हळद माखलेले नाक घेऊन काका बोलायला उभे राहिले, आणि गावाने बांध सोडून नाकाचीच चौकशी चालवली. आमचा बांध यंदाही तसाच राहिला. याला जबाबदार कोण? तुम्ही.

आता माझे ऐका. आंघोळीचे पाणी निवले होते. मी फार काही बोललो नाही, फक्त तुळसेच्या तोंडापुढे बोट नाचवून तिच्या माहेरची शिस्त काढली. नेमके तेच बोट त्याने हाडापर्यंत फोडले. शेजारची जया दिवसभर तुळसेला चिकटून बसते, तिला तो चावत नाही. गवळ्याला चावत नाही. मांजरालासुद्धा नाही! वैर फक्त आम्हा तिघांशी.

शनिवारी सकाळी मी पिंजरा उचलला आणि खाडीवर गेलो. पलीकडच्या तीरावर नेऊन सोडायचा, असा बेत. होडीत पाय टाकतो तोच तुळसा मागून आली. रडली नाही, भांडली नाही. धोंडीबा नावाड्याच्या देखत म्हणाली, "सोडा खुशाल. पर या घरात माझ्या बाजूनं बोलनारं दुसरं कोन हाय, तेवढं सांगा आनि सोडा."

सहा वर्षे ती माझ्या घरात आहे आणि एकही नाव तोंडात येईना. माझे स्वतःचेसुद्धा. धोंडीबा हातातले वल्हे तसेच धरून म्हणाला, "शेट, होडी हाकारू का नको?" मी पिंजरा घेऊन घरी परत आलो. वाटेत तुळसा पुढे चालत होती, आणि मी पोपट घेऊन मागे.

त्याला आठ दिवस झाले. तो कोणालाही चावलेला नाही, कारण कोणी ओरडतच नाही. आईला फारच अनावर झाले तर ती वाडीत जाऊन माडांना शिव्या घालून येते. काका चंची स्वतः शोधतात. आणि मी, या घराचा मालक, "पाणी जरा निवलंय वाटतं" असे कचेरीत अर्ज केल्यासारखे बोलतो. असले जिणे मला मान्य नाही. पत्र पोचताच यावे आणि आपला पक्षी घेऊन जावा.

रागात लिहिले आहे, रागातच वाचावे.

काळुराम

ता. क. येण्याची तसदी घेऊ नये. उद्याच्या भरतीला धोंडीबाच्या होडीने पोपट मीच तुमच्या गावी कोलशेतास धाडतो. तुळसेला विचारले. ती म्हणाली, "माझं भागंल आता. त्याला वैनीकडं धाडा."

दुसरा ता. क. वहिनी म्हणजे तुमची बायको, माझी धाकटी बहीण गंगू. संक्रांतीला मी तुमच्याकडे आलो होतो. तिळाच्या वड्या कडक झाल्या म्हणून तुम्ही चार पाहुण्यांसमोर ताट तिच्या पायाशी फेकलेत. ती वाकून वड्या वेचत होती आणि मी, तिचा सख्खा भाऊ, त्यातलीच एक चघळत बसलो. तेव्हा बोललो नाही, म्हणून हे सारे लिहावे लागले. राघू गंगूचा आहे, तुमचा नाही. तिने आठ दिवस त्याला आपल्या हाताने पेरू भरवावा, म्हणजे तो तिला ओळखू लागेल. तुम्ही फक्त एवढेच करावे: पिंजऱ्याचे दार कधी लावू नये.