रावसाहेब पुढच्या सीटवर

वाघोली, १२ फेब्रुवारी

प्रिय अभय,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे त्याबद्दल तरी आपलं दुमत राहणार नाही.

१. तुला तेजपूरजवळ पुलाच्या कामावर तीन वर्षांची नेमणूक मिळाली.
२. गाडी आणि रावसाहेब तुझ्याबरोबर जातील, मी पुण्यातच राहीन, असं ठरलं. ठरवताना वाद झाला नाही.
३. कुत्र्याला विमानातून पाठवायला दोघांचाही जीव धजावला नाही, म्हणून आपण तिघं गाडीने आसामला गेलो.
४. रावसाहेबांना मागच्या सीटवर उलटी होते. ते पुढे बसले.
५. मी एकटी परत आले.

यातलं काहीच चुकीचं नाही. पण हे वाचून त्या प्रवासाची काहीच कल्पना येत नाही. फोनवर आपण रोज बोलतो. तू विचारतोस, जेवलीस का. मी विचारते, रावसाहेब जेवले का. दोघांचं उत्तर हो असतं आणि मग नेटवर्क जातं, किंवा गेलं असं आपण म्हणतो. म्हणून हे कागदावर.

शिक्रापूर यायच्या आतच माझी ओढणी आणि मागची सीट खराब झाली होती. सोसायटीच्या गेटवर वाढलेलं कुत्रं, पण पुढे बसवून पट्टा लावल्यावर त्यांनी खिडकीतून असं काही पाहिलं, जणू ते दौऱ्यावर निघालेत आणि रस्त्यांची कामं त्यांना पसंत नाहीत. मग तू चालवायला लागलास की मी मागे, मी चालवायला लागले की तू मागे. देश ओलांडला, पण आपण दोघं एकदाही शेजारी बसलो नाही. रविवारी खडकीला गेले तेव्हा हे सांगितलं. पप्पा म्हणाले, कुत्र्याला पुढे आणि बायकोला मागे बसवणारा जावई फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये आजवर कुणाला मिळाला नव्हता. मम्मीने तुझी बाजू घेतली, म्हणाली, निम्मा वेळ हीच चालवत होती, म्हणजे तोही मागे बसलाच की. मग दोघंही त्याचे ड्रायव्हर, असं म्हणून पप्पांनी पेपर उघडला. थोड्या वेळाने पेपरामागूनच त्यांनी विचारलं, तिकडे थंडी किती असते.

मागे बसल्यावर तुझा आवाज आधी समोरच्या काचेवर जायचा आणि मग माझ्याकडे यायचा. गाडीच्या आतला आवाज मोजणं हे माझं कामच आहे, त्यामुळे हा फरक मला लगेच कळला. शेजारी बसलेल्या माणसाशी तू थोडकं बोलतोस. काचेशी मात्र पुष्कळ बोललास. छत्तीसगडमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सालवृक्ष होते, ऊन पानांतून सीटवर पडायचं आणि सरकत जायचं, आणि मला डुलकी लागत होती. तेव्हा तू सांगितलंस की लोणी काळभोरला लहानपणी तू उसात हरवला होतास. सगळे हाका मारत होते आणि तुला त्या ऐकू येत होत्या, पण तू ओ दिली नाहीस. आत हिरवा उजेड होता आणि तुला बाहेर यायचंच नव्हतं. हे तू खरंच सांगितलंस की मला स्वप्न पडलं, ते मला माहीत नाही. विचारलेलं नाही. बंगालमध्ये धुकं लागलं तेव्हा मी चालवत होते आणि तू मागे झोपला होतास. मोहरीची शेतं आधी दिसेनात, नुसता पिवळेपणा धुक्यात पसरलेला. रावसाहेबांनी नाक काचेला लावलं होतं. तुला उठवावंसं वाटलं, पण तुझी झोपायची पाळी होती.

आपल्याकडून काही चुकलं असेल तर ते हेच. रावसाहेबांना एकटं ठेवायचं नाही म्हणून ढाब्यावर आधी एकाने जेवायचं, मग दुसऱ्याने. नागपूरला दीक्षाभूमीवर आधी मी आत गेले, मग तू. तू बाहेर येऊन म्हणालास, आत काय शांत वाटतं. माझ्या वेळी आत शाळेची सहल होती. प्रत्येक ठिकाण आपण दोनदा पाहिलं आणि एकत्र एकही नाही. रावसाहेब गाडीत दहा मिनिटं एकटे राहिले असते, घोरले असते. ते आपल्या दोघांनाही माहीत होतं. पण ज्याची पाळी असेल त्याला घाई होऊ नये, एवढी काळजी आपण दोघंही घेत होतो. पुण्यातही आपलं असंच चाललं होतं, फक्त इथे त्याला आपण समजूतदारपणा म्हणायचो.

तेजपूरला नदीवर आधी तू उतरलास. परत येऊन म्हणालास, पलीकडचा काठच नाहीये. मग मी गेले. तोवर धुकं वर सरकलं होतं. वाळूच्या बेटावर एक गाय उभी होती, तिथे ती कशी पोचली ते कळायला मार्ग नव्हता, आणि तिच्या मागे बारीक निळसर काठ होता. मी वर येऊन तुला तसं सांगितलं. तू म्हणालास, मग बरंय. आणि रावसाहेबांचे कान खाजवत बराच वेळ उभा राहिलास. तू मला राहा म्हणाला नाहीस. मी राहू का म्हटलं नाही. तू विचारलं असतंस तर ते माझी नोकरी मागितल्यासारखं झालं असतं, असं तुला वाटलं असणार. मी विचारलं असतं तर तुला नाही म्हणणं जड गेलं असतं, असं मला वाटलं. माझं मला ठाऊक आहे, तुझ्याबद्दलचा हा अंदाज आहे.

विमानतळावर सोडायला निघालो तेव्हाही मी मागेच होते, टॅक्सीतल्या गिऱ्हाइकासारखी. चहाचे मळे संपत आले तेव्हा तू समोर बघत म्हणालास, "घर दोन खोल्यांचं बघतोय. एका खोलीत काही ठेवणार नाही." तू कुणाशी बोललास ते मला नक्की कळलं नाही. रावसाहेबांनी मात्र तुझ्याकडे पाहिलं. मग तू पुढच्या ट्रकला हॉर्न दिलास.

ऑफिसात परवा चौकशी केली. माझं काम तिथून करता येणार नाही, त्याला इथलीच लॅब लागते. वर्षभराची बिनपगारी रजा मिळू शकेल, नंतर हीच जागा मिळेल याची हमी नाही. अर्ज लिहून ठेवला आहे, दिलेला नाही. रजा मिळाली नाही तरी मला यायचं आहे, हे पप्पा-मम्मींच्याही आधी तुला सांगते आहे. दिवाळीला तू, एप्रिलमध्ये मी, असं आपण ठरवलं होतं, ते मला नको आहे. पण तुला मी तिथे रोज हवी आहे का, हे मला तुझ्याकडून कळायला हवं. फोनवर सांगू नकोस, फोनवर तू मला सोयीचं पडेल ते बोलशील. अर्ज महिनाअखेरीला द्यायचा आहे. हो किंवा नाही, एवढंच लिहून पाठव. मला ते २८ फेब्रुवारीपर्यंत मिळायला हवं.

तुझीच,
मैत्री