हायड्राइडचा खडा

कोल्हापूर,
१८ जानेवारी १९९९

आदरणीय सर,
नमस्कार.

तुम्ही कॉलेज सोडून कोडोलीला घरची शेती बघताय, असं मैत्रिणींकडून कळलं. इकडे सगळे ठीक. संक्रांतीला आप्पांच्या दुकानात गर्दी होती. अक्षर माझ्या धाकट्या बहिणीचं, प्रेरणाचं आहे. मी सांगते, ती लिहिते.

दिवाळीनंतर तुम्ही घरी आला होतात, तेव्हा मी आतल्या खोलीतच होते. आप्पा दारातच म्हणाले, "आता काय बघायला आलाय पावणं? पोरीला दिसत न्हाय." तुम्ही तसेच मागं फिरलात. फाटक लावल्याचा आवाज तेवढा आला.

मिरजेच्या डॉक्टरांनी दुसऱ्यांदा बुबुळ बसवलं, तेही टिकलं नाही. डाव्या डोळ्याला खिडकीचा उजेड कळायचा, तोही गेला. आता पुन्हा येऊ नका म्हणाले.

ऑगस्टातल्या त्या दिवशी हायड्राइडचे प्रकार चालले होते. आयनिक झालं, कोव्हॅलंट झालं. मग कॅल्शियम हायड्राइडचा करडा खडा तुम्ही पाण्यात टाकलात. बुडबुडे आले, काडी लावल्यावर फट्‌ वाजलं, सगळी हसली. कुणीतरी ओरडलं, "सर, मोठा टाका की!" तुम्ही टाकलात, आणि उकळतं चुन्याचं पाणी माझ्या डोळ्यांत उडालं.

चौकशीत मी सांगितलं, सर लांब उभं राहा म्हणाले होते, मीच वाकले. आप्पांनाही तेच सांगितलं.

तुम्ही हळूच काय म्हणाला होतात, ते आपल्या दोघांनाच माहीत. आता प्रेरणालाही. ती लिहायची थांबली आहे. लिही गं.

"दानेश्वरी, चष्मा विसरलीस व्हय? पुढं ये, जवळनं बघ."

मायेनं म्हणाला होतात. म्हणून तर आले पुढं.

तुमची नोकरी राहावी म्हणून मी खोटं बोलले. समजेल असं शिकवणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं. आणि तुम्हीच राजीनामा दिलात. आता वर्गात गाईड वाचून दाखवतात म्हणे. मग मी खोटं कशाला बोलले, सर?

तिसरा प्रकार, मेटॅलिक हायड्राइड, राहिलाच. पॅलेडियम धातूच्या पोकळ्यांत हायड्रोजन शिरून बसतो, असं प्रेरणानं पुस्तकातून वाचलं. तिला कळलं नाही, मलाही नाही.

परत या, असं सांगायला बसले होते. पण आता तुमच्यानं हातात खडू धरवणार नाही, हे मला समजतं. उत्तर पाठवू नका. पत्रं आधी आप्पा उघडतात.

तुमच्या शेवटच्या वर्गातली,
दानेश्वरी