डावं चाक

प्रिय ठिणगे,

तुझं वेल्डिंगचं मशीन अजून विकलेलं नाही. विकून टाका असं तू आईला फोनवर तीनदा बजावलंस, आईनं ते मला जेवताना तीनदा ऐकवलं आणि मी तीनदा मान डोलावली. गिऱ्हाईक येऊन बघूनही गेलं. कुंपणाच्या जाळ्या करणारा माणूस आहे, बरा वाटला. मी त्याला पुढच्या आठवड्यात ये म्हटलं. का, ते सांगतो. मधेच पत्र टाकून देऊ नकोस, तुझी सवय माहीत आहे मला.

इकडे सगळं ठीक. म्हणजे शेडचं दार मी आठला उघडतो, सहाला लावतो. आई दुपारी डबा आणते आणि बाबांच्या स्टुलावर न बसता उभ्या उभ्याच परत जाते. मी जेवतो. झोपही लागते. लोक विचारतात, सावरलास का रे, मी हो म्हणतो. खरं सांगू? दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, चावला तरी कळत नाही, तसं आठ महिने चाललंय. बाबा गेले त्या दिवशी तू रडलीस, आई रडली, शेजारचे लेथवाले काकासुद्धा हमसून हमसून रडले. मी सगळ्यांना पाणी देत फिरलो. अजूनही रडू आलेलं नाही.

गेल्या मंगळवारी शाळेचा माळी त्यांचा गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर घेऊन आला. तोच ट्रॅक्टर, तुझ्या-माझ्या वयाचा, ज्याला बाबा ‘पेन्शनर’ म्हणायचे. पुढची दोन्ही चाकं फेंगडी. माळी म्हणतो, टायर बदलून दे. टायरनं काय घोडं मारलंय त्याचं? जॅक लावून चाक हलवलं तर खडखड वाजलं. चाक काढलं, त्याचा दांडा, स्पिंडल, पुसला. बाबांनी तुला पहिल्यांदा दाखवलं होतं ते आठवतं का? दांड्याच्या वरून बोट फिरवलं तर अगदी नवा, गुळगुळीत. खालून फिरवलं तर हा खड्डा! चाक फिरतं, दांडा फिरत नाही, म्हणून सगळं वजन आयुष्यभर त्या एकाच बाजूवर. तू तेव्हा नऊ वर्षांची. विचारलंस, मग दांडा उलटा का नाही बसवत? बाबा इतके खूश झाले की दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होते. तोच प्रश्न मी दोन वर्षं आधी विचारला होता. मला म्हणाले होते, ग्रीसचा डबा आण.

हसू नकोस. मला तेव्हाही राग आला होता. पुढे तू वेल्डिंगचा होल्डर हातात धरलास आणि बाबांनी तुझं नाव ठिणगी ठेवलं, तेव्हा तर जास्तच आला. माझ्या वाट्याला ग्रीस, वॉशर आणि पिना. पोरगी जोडते, पोरगा जुळवतो, मला आणखी काय पाहिजे, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. मला मात्र पाहिजे होतं. एकदा तरी तुझा सांधा सुटावा असं मला वाटायचं. हे आजवर कुणाला बोललो नाही.

माळ्याचं काम मीच केलं. तू असतीस तर झिजलेला दांडा कापून नवा जोडला असतास, बाबांच्या ट्रॅक्टरला जोडलास तसा. मला तेवढं कुठलं जमायला! मी खड्ड्यात वेल्डिंगचा थर भरला आणि दीड दिवस कानस घासत बसलो. चाकाच्या भोकात नवे बुश टाकले, ग्रीस भरलं, चाक चढवलं, वॉशर लावला. राहिली फक्त टोकाच्या भोकातली पिन, जिच्या जिवावर चाक जागेवर राहतं. डबा उघडला तर त्या मापाची पिन संपलेली. माझा हात आपोआप खिळ्यांच्या डब्याकडे गेला. खिळा बोटांत आला आणि मी तिथेच खाली बसलो. माळी घाबरून पाणी घेऊन आला. मी त्याला म्हटलं, ट्रॅक्टर उद्या ने. मग हार्डवेअरची तीन दुकानं पालथी घातली आणि पिना घेऊनच परत आलो.

दुसऱ्या दिवशी मागच्या ताडपत्रीखालचा बाबांचा ट्रॅक्टर उघडला. दवाखान्यामागचा तो उतार, निखळलेलं डावं चाक, बाबांच्या अंगावर आलेला ट्रॅक्टर, हे तुला मी काय सांगायचं. तुटलेला स्पिंडल उजेडात नेऊन भिंगातून पाहिला. तुझा सांधा शाबूत आहे, ठिणगे. सबंध गोल, केसाएवढीही चीर नाही. तुटलंय ते त्याच्यापासून बोटभर पुढचं लोखंड. चाक आधी निघालं, उघडा दांडा मातीत रुतला, वाकला आणि मग मोडला. लेथवाल्या काकांना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. पोरीचं वेल्डिंग सुटलं असं मी त्या दिवशी उगाच घाईत बोललो रे, म्हणाले. त्यांच्या त्या एका वाक्यावर तू हातमोजे टेबलावर ठेवून निघून गेलीस आणि आता कुठल्याशा दुकानात पडद्याचं कापड मोजतेस. मग चाक निघालं कशानं, असं त्यांनी मला विचारलं. मी स्पिंडल उचलून घरी आलो.

उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आदल्या संध्याकाळी ग्रीस भरायला ते चाक मीच काढलं होतं. जुनी पिन तुटली, डब्यात दुसरी नव्हती, मी खिळा घालून वाकवला. एका दिवसापुरता. सकाळी बाबांनी विचारलं, पिन नीट घातलीस ना? मी हो म्हटलं. उतारावर सगळे त्यांच्याकडे धावले तेव्हा वॉशरशेजारी गवतात अर्धा खिळा मला दिसला आणि मी तो मुठीत घेतला. काका तुझ्या वेल्डिंगबद्दल बोलले तेव्हाही तो माझ्या मुठीत होता. मी घाबरलो होतो. आणि खोटं कशाला बोलू, चूक तुझी निघाली म्हणून घटकाभर बरंही वाटलं होतं. परवा भिंग हातात घेतलं तेव्हासुद्धा कुठेतरी आशा होती, थोडी तरी तुझी निघेल. नाही निघाली. आज सकाळी आईला सगळं सांगितलं. तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, आधी तिला लिही, माझ्याशी नंतर बोल. म्हणून हे पत्र. तो अर्धा खिळा कागदात गुंडाळून पाकिटात घातलाय. माफी मागायला मला तोंड नाही. मशीन मी विकणार नाही. तुला विकायचंच असेल तर ये आणि स्वतःच्या हातानं विक. पण बाबा माझ्या खिळ्यानं गेले, एवढं माहीत असताना विक.

तुझाच, अजून म्हणू देणार असलीस तर,
दादा